उट्रेख्तचा एक आकडा

मार्च २०११ मधल्या एका आठवड्यात युरोपातल्या १९ शहरांत कच्च्या सांडपाण्याचे नमुने एकाच वेळी घेतले गेले. प्रत्येक नमुना चोवीस तासांचा, मिश्र. अमली पदार्थ घेतल्यावर लघवीत उतरणाऱ्या खुणा त्यात मोजायच्या आणि त्यावरून शहराच्या सेवनाचा उलटा हिशेब मांडायचा. प्रश्नावली भरताना माणूस लपवतो, विसरतो, क्वचित बढाईही मारतो. गटाराला यातले काही जमत नाही, ही या पद्धतीची भिस्त. त्या भिस्तीला उट्रेख्तच्या एका आकड्याने धक्का दिला. तो प्रसंग तीन शोधनिबंध शेजारी ठेवले की बराचसा जुळवता येतो.

पहिला निबंध २००५ चा. मिलानच्या मारिओ नेग्री संस्थेतले एत्तोरे झुक्कातो आणि त्यांचे सहकारी पो नदीच्या पाण्यात बेंझॉइलएक्गोनिन शोधत होते. कोकेन शरीरात मोडले की हा पदार्थ लघवीवाटे बाहेर पडतो. नदीच्या खोऱ्यात ५० लाख वस्ती आणि प्रवाहात दिवसाला सुमारे ४ किलो कोकेनचा अंश. म्हणजे दर हजार तरुणांमागे रोज १०० मिलिग्रॅमच्या किमान २७ मात्रा. सरकारी अंदाज याच्या पुष्कळ खाली होते. पण या हिशेबात एक गृहीत आहे: पाण्यात जे सापडले ते माणसाच्या शरीरातून आले. कोकेनपुरते ते बरेच सुरक्षित आहे, कारण मोजला जातो तो मोडलेला अंश. एमडीएमए, म्हणजे एक्स्टसी, मात्र मूळ रूपातच मोजतात. ही फट लक्षात ठेवावी.

दुसरा निबंध २०१२ चा, त्या १९ शहरांचा. पहिले नाव केव्हिन थॉमस यांचे. मला यातला सर्वांत मोलाचा भाग रुक्ष वाटणारा आहे: शहरांची तुलना करण्याबरोबरच सहभागी प्रयोगशाळांचीही आपसांत तुलना केली गेली. तराजूच वेगळे असतील तर वजनांवरून भांडण्यात अर्थ नाही. निष्कर्षांत युरोपभरचा कोकेनचा वापर दिवसाला ३५६ किलो धरला आहे. कोकेन आणि एक्स्टसी शनिवार-रविवारी वाढलेली दिसते. माणसी एक्स्टसीचे प्रमाण डच शहरांत, अँटवर्पमध्ये आणि लंडनमध्ये जास्त. डच शहरांपैकी एक उट्रेख्त.

एवढ्यावर थांबलो असतो तर उट्रेख्तकरांच्या नावावर बरीच एक्स्टसी चढली असती. तिसरा निबंध, २०१४ चा, एरिक एम्के आणि सहकाऱ्यांचा, त्या आकड्याची उलटतपासणी करतो. एमडीएमएच्या रेणूची दोन रूपे असतात, डाव्या-उजव्या हातांसारखी एकमेकांची आरशातली प्रतिमा. बेकायदा कारखान्यातल्या मालात दोन्ही समसमान असतात. शरीर मात्र त्यातले एक रूप अधिक वेगाने मोडते, म्हणून लघवीत दुसऱ्याचे पारडे जड होते. जुन्या दप्तरातला कागद अस्सल की बनावट हे शाई-कागदावरून ओळखावे, तशी ही खूण. २०११ च्या उट्रेख्तच्या पाण्यातली एमडीएमए न वापरलेली, सरळ गटारात ओतलेली निघाली.

ओतली कोणी? जवळच्या एका बेकायदा कारखान्यावर पोलिसांचा छापा पडला होता. लेखकांनी त्याच्याशी संबंध जोडला आहे, पण ‘शक्यता’ म्हणूनच. रेणूंवरून माल न वापरलेला होता एवढे ठरते. छाप्याशी जोडणारा धागा तर्काचा आहे आणि दोन्हींची गल्लत त्यांनी होऊ दिली नाही.

याच निबंधात आइंडहोवेनही आहे. २०११ मध्ये तिथे अ‍ॅम्फेटामिनचा भार अनपेक्षितपणे मोठा निघाला होता. कसोटी तीच लावली, शंकाही तीच. लोकांनी घेतलेले की कोणी ओतलेले, याचा निवाडा तिथे करता आला नाही, असे लेखकांनी लिहून ठेवले आहे.