तळटीप १४ : शेतमजुरांचा निर्देशांक
१४. शेतमजुरांचा निर्देशांक : निवडक खेड्यांतले किरकोळ भाव घेऊन केंद्र सरकारचा लेबर ब्युरो दरमहा काढतो तो ग्राहक किंमत निर्देशांक. रोजगार हमीची मजुरी २०११ मध्ये याच्याशी जोडली गेली, म्हणून बोडीच्या (लहान तलावाच्या) कामावरल्या संवादात त्याचा उल्लेख. मजकुरातल्या आकड्याचे पायाभूत वर्ष १९८६-८७. भारांक त्याहून जुने, १९८३ च्या खर्च-पाहणीतले. अखिल भारतीय भारांकात खाद्यपदार्थच सुमारे ६९ टक्के, मोबाइलच्या रिचार्जला त्या यादीत जागा कुठून असणार! जून २०२५ च्या आकड्यापासून पायाभूत वर्ष २०१९ झाले आणि भारांक २०११-१२ च्या पाहणीवरून घेतले गेले. — संपा.