बोल्ट-रायफलीचें मॅगझिन : शिकारी बंदुकीच्या एका अंगाचा विचार

गेल्या वर्षीं एका जुन्या इनामदार घराण्यांतील शस्त्रांची यादी तपासून देण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. घराण्याचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. यादींत तलवारी, कट्यारी, दोन दांडपट्टे व तोड्याच्या तीन बंदुका होत्या, आणि त्यांचें वर्णन बिनचूक होतें. शेवटीं मात्र एका विलायती शिकारी रायफलीची नोंद होती. तिच्या शेऱ्याचा आशय असा कीं, मॅगझिनाचा तळ फुटलेला आहे, आंत काडतुसें ठरणार नाहींत, सबब ती भंगारांत काढावी. शेरा लिहिणारा गृहस्थ दक्ष होता. त्यानें जें पाहिलें तेंच लिहिलें. परंतु रायफल हातीं घेऊन पाहतां त्या भोकाच्या कडा सरळ व घासून गुळगुळीत केलेल्या दिसल्या. अपघातानें पडलेलें भोक इतकें नेटकें नसतें. मग तें कोणी व कशासाठीं ठेविलें, हा प्रश्न उरला. त्याचें उत्तर देण्यास बोल्ट-रायफलीच्या मॅगझिनांचे प्रकार व त्यांची परंपरा पाहणें अवश्य आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. 'मॅगझिन' हा शब्द इंग्रजींतून आपल्याकडे आला असला तरी त्याचें मूळ अरबी आहे. सांठविणें या अर्थाच्या धातूपासून 'मख्झन' म्हणजे कोठार हा शब्द झाला, आणि त्याच धातूपासून आपला नित्याचा 'खजिना' हा शब्दहि निघाला. दारूगोळ्याचें कोठार, बंदुकीच्या पोटांतील काडतुसांची जागा आणि लेखसंग्रह करणारें नियतकालिक, या तिन्ही अर्थीं हा एकच शब्द चालतो. 'काडतूस' हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. आपल्या कवींनीं अर्जुनाला अक्षय तूणीर दिला आणि सांठ्याचा प्रश्न कल्पनेनें सोडविला. युरोपांतील कारागिरांस तो लोखंडांत सोडवावा लागला. त्यांच्यापुढें प्रश्न दोन होते : काडतुसें किती मावतील आणि संपल्यावर तीं किती वेळांत पुन्हां भरतां येतील. पहिला प्रश्न सर्वांच्या लक्षांत येतो. निर्णय मात्र बहुधा दुसऱ्यानें झालेला आहे.

सर्वांत जुना प्रकार नळीचा. बंदुकीच्या मुख्य नळीखालीं दुसरी बारीक नळी असून तींत काडतुसें एकापुढें एक ओळीनें बसतात व मागील काडतूस उचललें जाऊन वर येतें. स्वित्झर्लंडनें १८६९ सालीं पत्करलेली व्हेटर्ली रायफल या जातीची होती. १८७७ सालीं प्लेव्हनाच्या वेढ्यांत तुर्कांनीं विंचेस्टर बंदुकांच्या जलद माऱ्यानें रशियनांची जी हानि केली, तिच्यामुळें सर्व युरोपाचें लक्ष अनेकबारी बंदुकांकडे वेधलें. जर्मनीची १८७१/८४ ची माउझर व फ्रान्सची १८८६ ची लेबेल या दोन्ही रायफलींत नळीचेंच मॅगझिन आहे व दोहोंत आठ काडतुसें मावतात. परंतु हीं काडतुसें एकेक करून भरावीं लागतात. जसजशीं तीं उडतात तसतसा बंदुकीचा तोल बदलत जातो. शिवाय पुढील काडतुसाच्या बुडाशीं असलेल्या टोपीवर मागील काडतुसाच्या गोळीचें टोंक येतें. गोळी बोथट असेपर्यंत हें चालून गेलें. फ्रेंचांनीं १८९८ सालीं अणकुचीदार गोळी घेतली तेव्हां काडतुसाच्या बुडाला वर्तुळाकार खांच पाडून मागच्या गोळीचें टोंक तींत अडकावें, अशी तजवीज करावी लागली.

दुसरा प्रकार पेटीचा. जेम्स पॅरिस ली यानें १८७९ सालीं अमेरिकेंत याचा हक्क नोंदविला. पोलादी पेटींत स्प्रिंगेवर काडतुसें एकावर एक रचावयाचीं व बोल्ट पुढें जातांना वरचें काडतूस ढकललें जाऊन नळींत शिरावयाचें, ही कल्पना आज इतकी परिचित आहे कीं तिच्यांत कांहीं नवें होतें असें वाटतच नाहीं. इंग्लंडनें १८८८ सालीं ली-मेटफर्ड रायफल घेतली तेव्हां तिची पेटी काढतां-घालतां येई; पण ती सांखळीनें बंदुकीस अडकविलेली असे! पेटी बदलावयाची नसून हरवूं द्यावयाची नाहीं, हा त्या सांखळीचा अर्थ. शिवाय पेटीच्या तोंडाशीं सरकणारी एक पत्री पट्टी असे. ती आंत सारली कीं पेटी बंद होऊन शिपायास एकेक काडतूस हातानें घालून झाडावें लागे, आणि पेटींतील सांठा आणीबाणीकरितां राही. शिपाई दारूगोळा उधळील ही अधिकाऱ्यांची भीति त्या पट्टींत मूर्तिमंत झालेली आहे. पहिल्या महायुद्धाच्या मध्यास नव्या रायफलींवर ही पट्टी ठेवण्याचें बंद झालें.

तिसरा प्रकार ऑस्ट्रियाच्या मॅनलिकरचा. पांच काडतुसें एका पत्र्याच्या चौकटींत अगोदरच बसविलेलीं असतात आणि तीं चौकटीसकट मॅगझिनांत दाबावयाचीं. ऑस्ट्रियाच्या १८८६ च्या रायफलींत ही रीत आली. भरण्यास याहून जलद कांहीं नव्हतें. परंतु चौकट हें या मॅगझिनाचें अर्धें अंग आहे. ती नसेल तर स्प्रिंग असूनहि काडतुसें जागेवर राहत नाहींत आणि बंदूक एकबारी होऊन बसते. काडतुसें संपत आलीं म्हणजे रिकामी चौकट स्वतःच्या वजनानें खालीं पडावी म्हणून तळाला द्वार ठेविलेलें असते. त्याच द्वारानें धूळ व चिखल आंत शिरतो, हा या रचनेचा दोष.

चौथा प्रकार क्राग-यॉर्गेनसेन यांचा. डेन्मार्कनें १८८९, अमेरिकेनें १८९२ व नॉर्वेनें १८९४ सालीं तो घेतला. येथें बाजूचें झांकण उघडून सुटीं काडतुसें आडवीं घालतात व तीं बोल्टाखालून वळसा घेऊन पलीकडे वर येतात. बोल्ट मिटलेला ठेवून, नळींत एक काडतूस तयार असतांना, उरलेली भर करतां येते. शिकाऱ्याच्या दृष्टीनें हा गुण लहान नव्हे.

पांचवा प्रकार पाउल माउझर याचा. त्यानें १८८९ च्या बेल्जियन रायफलींत पत्र्याची पट्टी आणली. पांच काडतुसें पट्टींत धरून मॅगझिनाच्या तोंडावर ठेवावयाचीं, अंगठ्यानें खालीं दाबावयाचीं व रिकामी पट्टी टाकून द्यावयाची. पट्टी नसली तरी सुटीं काडतुसें तितकींच नीट बसतात. मॅनलिकरच्या चौकटीहून हा मोठा भेद. त्या रायफलींत पेटी खालीं उतरलेली होती. १८९३ च्या स्पॅनिश रायफलींत काडतुसें एकाआड एक तिरकस अशा दोन रांगांत रचून त्यानें पेटीची खोली कमी केली व पांचहि काडतुसें लाकडी दस्त्याच्या पोटांत बसविलीं. तळ सपाट, बाहेर कांहीं नाहीं, आंत धूळ नाहीं. १ जुलै १८९८ रोजीं क्यूबांतील सान हुआनच्या टेंकडीवर स्पॅनिश शिपायांच्या माउझर व अमेरिकनांच्या क्राग या रायफली समोरासमोर आल्या. दोहोंतहि काडतुसें पांचच. पण पट्टीनें भरणें व सुटें भरणें यांतील अंतर अमेरिकनांस तेथें कळलें. त्यांची १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल माउझरच्या वळणावर गेली. इंग्रजांनींहि १९०३ च्या आंखूड ली-एन्फील्डवर पट्टीची सोय केली.

सहावा प्रकार मॅनलिकर-शेनाउअर. ग्रीक सैन्यानें घेतलेल्या १९०३ च्या या रायफलींत ओटो शेनाउअर याची फिरती गरारी आहे. तिच्या प्रत्येक खांचेंत एक काडतूस स्वतंत्र बसतें व गरारी फिरून एकेक वर येतें. बोल्ट असा सरकतो कीं काडतूस आंत गेल्याचें हातास जाणवतहि नाहीं. पण गरारी एका मापाच्या काडतुसासाठींच घडलेली असते. दुसरें माप तींत नीट चालत नाहीं. सैन्यापेक्षां शिकाऱ्यांनींच तिला अधिक नांवारूपास आणलें.

आतां शिकाऱ्याची निवड पाहूं. शिपायास पुष्कळ गोळ्या पुष्कळ वेळ झाडावयाच्या असतात. शिकाऱ्यास पहिली गोळी नीट लागावी व ती चुकली तर दुसरी त्वरित निघावी, एवढेंच पाहिजे. दहा काडतुसांची पेटी त्याला भूषण नव्हे. चालतांना रायफल जेथें तोल साधून हातांत धरतात, नेमकी तेथेंच उतरती पेटी आडवी येते, झुडपांत अडकते, तिचे ओंठ वांकले तर काडतूस तिरपें बसतें, आणि ती मुक्कामावर विसरली तर मॅनलिकरच्या चौकटीसारखीच गत होते. उलटपक्षीं, तंबूंत शिरतांना बंदूक रिकामी करण्यास सुट्या पेटीसारखें साधन नाहीं. आपल्या देशांतील आयुधनिर्माणींत तयार झालेल्या .३१५ च्या शिकारी रायफलीला हीच लीच्या पद्धतीची पेटी आहे.

माउझरच्या पोटांतील मॅगझिनास हरवण्याजोगें कांहीं नाहीं. परंतु तें रिकामें करतांना एकेक काडतूस बोल्टानें पुढें नेऊन बाहेर काढावें लागे, आणि भरलेल्या नळीवर थंडीनें आंखडलेला हात चालविणें धोक्याचें. सैनिकी रायफलीचा तळ गोळीच्या टोंकानें खटका दाबून काढतां येई. शिकारी बंदुका घडविणाऱ्यांनीं त्याच तळास बिजागरी व बोटानें दाबतां येईल असा खटका बसविला. तो उघडला कीं सर्व काडतुसें तळहातावर येतात. कांहींनीं तळच ठेवला नाहीं. लाकूड अखंड राहून दस्ता बळकट होतो व किंमत कमी पडते, पण रिकामें करण्याची जुनी अडचण परत येते. जोरदार काडतुसाच्या धक्क्यानें पोटांतील मऊ टोंकाच्या गोळ्या मॅगझिनाच्या पुढील भिंतीवर आपटून चेंबतात, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे; शेनाउअरच्या गरारींत तें बहुधा टळतें.

या निवडीचें एक उदाहरण आपल्याकडील आहे. १९०७ सालीं जिम कॉर्बेट चंपावतच्या नरभक्षक वाघिणीमागें गेले तेव्हां त्यांच्याजवळ .५०० ची दुनळी रायफल व अवघीं तीन काडतुसें होतीं. दोहोंपेक्षां अधिक बार काढण्याची संधि मिळत नाहीं, तिसरें अडीअडचणीस, असा त्यांचा हिशेब. तिन्ही संपल्यावरहि वाघीण जिवंत होती, आणि अखेरचा बार तहसीलदाराच्या बंदुकीनें करावा लागला, असें त्यांनींच लिहून ठेविलें आहे. त्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनीं त्यांस जी रायफल दिली ती लंडनच्या रिग्बीची .२७५ ची होती; म्हणजे बोल्ट माउझरचा व मॅगझिन पोटांतलें. दुनळीचे दोन बार कोणत्याहि बोल्टापेक्षां त्वरित निघतात. तिसरा मात्र खिशांतून काढावा लागतो. ही देणगी तो हिशेब मनांत धरून दिली असें म्हणण्यास आधार नाहीं. परंतु दोन पद्धतींतील भेद याहून स्पष्ट दाखविणारा प्रसंग मला ठाऊक नाहीं.

आतां मूळ यादीकडे वळूं. ती रायफल .२५६ ची मॅनलिकर होती. रुमानियाच्या १८९३ च्या व हॉलंडच्या १८९५ च्या सैनिकी रायफलींची ही शिकारी भावंड असून इंग्लंडांत व वसाहतींत ती एके काळीं लोकप्रिय होती. तळांतील भोक चौकट पडण्याचें द्वार होय. आंतील उचलणारा दांडा शाबूत असून दाबल्यास उसळी घेत होता. चापाभोंवतालच्या कड्याशीं भरलेली चौकट मोकळी करण्याचा खटकाहि जागेवर होता. घराण्याच्या जमाखर्चाच्या मोडी वहींत काडतुसांची खरेदी पांचाच्या चिमट्यांनीं मांडलेली आढळली. केवळ या नोंदीनें कांहीं सिद्ध होत नाहीं, कारण माउझरची पट्टीहि पांचाचीच. परंतु तळाचें द्वार, खटका व नोंद हीं तिन्ही एकत्र पाहतां संशय राहत नाहीं. रायफल फुटकी नव्हती. तिची चौकट तेवढी घरांत उरली नव्हती.

कौटिल्यानें आयुधागाराध्यक्षाचीं कर्तव्यें सांगतांना प्रत्येक शस्त्राची जाति, रूप व लक्षण त्याला ठाऊक असावें असा दंडक घातला आहे. लक्षण न जाणतां शेरा लिहिला म्हणजे रचनेचें अंग दोष ठरतें, आणि दोष ठरलेली वस्तु भट्टींत जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्याकडील शिकारीचा अध्याय संपला, आणि तें योग्यच झालें. तथापि त्या अध्यायाचीं साधनें अजून वाड्यांच्या माळ्यांवर आहेत, व त्यांच्या याद्या करणारांस तोड्याच्या बंदुकीचें जितकें ज्ञान असतें तितकें या अलीकडील शस्त्रांचें नसतें. बंदूक दिसली कीं तिचें पोट आधीं पाहावें : नळी कीं पेटी, पट्टी कीं चौकट, झांकण कीं गरारी. एवढ्यानें काळ, देश व बहुधा कारखानाहि कळतो.

यादींतील शेरा आम्हीं बदलून 'रायफल पूर्ण. चौकट उपलब्ध नाहीं' असा केला. त्या शस्त्राचें पुढें काय करावयाचें तें कायद्यानें ठरेल. पण तें मोडकें होतें असें यापुढें कोणी म्हणूं नये.