थेंबांच्या आधी आणि नंतर

मोतीबिंदू काढला की महिनाभर डोळ्यात थेंब घालायचे, हा नियम आपल्याला सनातन वाटतो. पण दाह शमवणाऱ्या थेंबांचं वय जेमतेम पाऊणशे वर्षं आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शलाकेने मोतीबिंदू सारल्यावर डोळ्यात तूप भरून पट्टी बांधायला सांगितलं आहे. रोग्याने उताणं पडून राहायचं, शिंक, खोकला, ढेकर आवरायचे (शिंक कशी आवरायची ते ज्याचं त्याने बघावं), दर तीन दिवसांनी वातनाशक काढ्याने डोळा धुवायचा. हे पथ्य दहा दिवसांचं. फ्रान्सच्या जाक दाव्हिएलने 1747 मध्ये छेद घेऊन मोतीबिंदू बाहेर काढला, तरी पुढची दोनशे वर्षं मुख्य भिस्त पट्टीवर आणि निश्चल पडून राहण्यावरच राहिली. एकोणिसाव्या शतकात अ‍ॅट्रोपिनचे थेंब आले. बाहुली रुंद ठेवून ते दुखणं कमी करत, पण दाहाच्या मुळाला हात घालत नसत.

तो हात घातला कॉर्टिझोनने. 1948 मध्ये मेयो क्लिनिकमध्ये ते संधिवाताच्या रुग्णांना दिलं गेलं आणि काही वर्षांतच या जातीची, म्हणजे स्टेरॉईड, औषधं डोळ्यांपर्यंत पोचली. थेंबांची सोय मोठी होती: बाटली स्वस्त, त्रास झाला तर लगेच बंद. मात्र दाह आवरण्याचं काम दवाखान्यातून घरी आलं. दिवसातून चार वेळा, मग तीन, मग दोन. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर. एका थेंबात जवळपास 50 मायक्रोलिटर औषध असतं, पापणीआड 30 मावतं, उरलेलं गालावर. आणि संधिवातावरच्या औषधातून निघालेली ही बाटली संधिवाताने आखडलेल्या बोटांनाच दाबता येत नाही!

म्हणून औषध शस्त्रक्रियेच्या वेळीच ठेवून देण्याची आजची पद्धत मला नवलाई वाटत नाही. घरी आलेलं काम ती पुन्हा सर्जनच्या हाती देते. 1990 च्या दशकात सिंगापूरमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉईडची विरघळणारी गोळी डोळ्याच्या आत ठेवून पाहिली गेली. 2018 मध्ये अमेरिकेत डोळ्याच्या आत सोडायचं त्याचंच इंजेक्शन आणि खालच्या पापणीच्या अश्रुछिद्रात बसणारी 0.4 मिलिग्रॅमची बारीक कांडी, दोन्हींना मान्यता मिळाली. आक्षेप असा की आत सोडलेलं औषध मागे घेता येत नाही, आणि स्टेरॉईडने डोळ्यातला दाब चढतो. तो रास्तच आहे, पण कांडी काढता येते, आणि दाब थेंबांनीही चढतोच. महागाईचा आक्षेप अधिक खरा. तरी डोळ्याच्या आवरणाखाली द्यायचं ट्रायमसिनोलोनचं इंजेक्शन जुनं आणि स्वस्त आहे. शिवाय मोतीबिंदू आतच फोडून शोषून घेण्याच्या चार्ल्स केलमनच्या 1967 च्या तंत्राने पुढे छेद इतका लहान झाला की मुळात दाहच कमी उठतो. काचबिंदू असणाऱ्यांनी मात्र ते शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगावं. त्यांच्यासाठी हवं तेव्हा थांबवता येणारी बाटलीच अजून बरी.