तळटीप : कान्हेरीच्या चैत्यगृहातला घुमारा

१. मंत्रघोष घुमावा म्हणूनच हे चैत्यगृह कमानदार कोरले, हे लेखकाचे विधान जपून घ्यावे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील लेणे क्र. ३ चे कमानी छत लाकडी वास्तूच्या अनुकरणातून आले. शिवाय आज तिथे घुमतो तो नाद सातवाहनकाळातला नव्हे. छताच्या लाकडी फासळ्या केव्हाच गेल्या, खुणा तेवढ्या उरल्या. कार्ल्याला त्या अजून पाहता येतात. वॉलेस सॅबिनने हार्वर्डमध्ये १८९५ पासूनच्या प्रयोगांत दाखवले की घुमारा जागेच्या घनफळाबरोबर वाढतो आणि ध्वनी शोषणाऱ्या पृष्ठभागाबरोबर घटतो. उघडा कातळ फारच थोडा ध्वनी शोषतो. माणसांची अंगे आणि वस्त्रे पुष्कळ. रिकाम्या लेण्यात टाळी वाजवून काढलेला निष्कर्ष म्हणूनच भरलेल्या लेण्याला लागू पडत नाही.

मग ध्वनीचे भानच नव्हते, असे कोणी म्हणेल. तेही पटत नाही. ‘दरबार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेणे क्र. ११ मध्ये छत सपाट व बुटके आहे, आणि दोन लांब, ठेंगणे दगडी बाक एकमेकांना समांतर कोरले आहेत. तिथे माणसे बसली की शब्द सुटा ऐकू यावा. उंच चैत्यात तो पुढच्या शब्दात मिसळतो, पण संथ सामूहिक पठणाला तेच मिसळणे साथ देते. कोरणाऱ्यांचा हेतू यावरून सिद्ध होत नाही. वापरणाऱ्या भिक्षूंना हा फरक उमगला असणार, एवढे मात्र आम्ही ठामपणे म्हणू. अभ्यासकांनी ध्वनीची मोजणी रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही लेण्यांत करावी. — संपादक