हवामानबदलविषयक वृत्तलेखन : वर्धा जिल्हा

मानवी व्यवहारांमुळे पृथ्वीच्या हवामानात घडून येणारे दीर्घकालीन बदल, शेती, पाणी व आरोग्य यांवरील त्यांचे परिणाम आणि त्यांवर योजिलेले उपाय यांविषयी वृत्तपत्रे व नियतकालिके यांतून होणारे लेखन. वृत्तलेखनाची ही शाखा जगात सर्वत्रच अलीकडची आहे. विदर्भातील वर्धा जिल्ह्यात (क्षेत्रफळ ६,३१० चौ. किमी., लोकसंख्या १३,००,७७४–२०११) मात्र तिची पूर्वपीठिका सु. नऊ दशके मागे जाते. कापूस, तूर व सोयाबीन ही येथील प्रमुख पिके असून शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. त्यामुळे पाऊस ही या जिल्ह्यात नेहमीच बातमी ठरत आली. तथापि पावसाची बातमी आणि हवामानबदलाची बातमी या एकाच विषयाच्या दोन बाजू होत, ही जाणीव येथील वृत्तपत्रांत फार उशिरा रुजली.

अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, संघाचे कार्यालय होते आणि जे. सी. कुमारप्पा (१८९२–१९६०) हे त्याचे कार्यवाह होते. कुमारप्पा मूळचे हिशेबतपासनीस. लंडन व न्यूयॉर्क येथे त्यांचे शिक्षण झाले होते. मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात गांधीजी तुरुंगात असताना त्यांनी ‘यंग इंडिया’चे संपादन केले होते. मगनवाडीतून त्यांनी ‘ग्राम उद्योग पत्रिका’ हे मासिक चालविले. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, मधमाशापालन, हातकागद, सोनखत व कंपोस्ट असे तिचे विषय असत. रूढ अर्थाने ते वृत्तपत्र नव्हते. पण त्यातील लेखनाला एक वैशिष्ट्य होते. ज्या उपायाचे वर्णन छापले जाई, तो उपाय बहुधा त्याच आवारात करून पाहिला जात असे. रॉकेलच्या कंदिलाऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळणारा ‘मगनदीप’ येथेच तयार झाला. धुराचा त्रास कमी करणारी ‘मगन चूल’ १९४७ च्या सुमारास पुढे आली. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय हे या साधनांचे कायमचे प्रदर्शनच होते.

रॉकेलला विरोध करण्यामागे स्वदेशीची भावना होती, तसाच एक आर्थिक सिद्धांतही होता. कोळसा, खनिज तेल, धातू यांचे साठे उपसले की संपतात, तर वाहते पाणी, वाढते लाकूड, दरसालचे तेलबियांचे पीक यांचा प्रवाह जपून वापरल्यास चालू राहतो, असा भेद कुमारप्पांनी केला. साठ्यावर उभी राहिलेली अर्थव्यवस्था अखेरीस त्या साठ्यासाठी हिंसेकडे वळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९४२ मध्ये ‘भाकरीऐवजी दगड’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या लेखातून त्यांनी सरकारच्या युद्धकालीन चलननीतीवर पत्रिकेत कठोर टीका केली व सरकारचा रोष ओढवून घेतला. त्यानंतरच्या कारावासात, जबलपूरच्या तुरुंगात, त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ लिहिला. तो १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला.

या लेखनामुळे कुमारप्पांना हवामानबदलाचे द्रष्टे म्हणण्याची प्रथा अलीकडे पडू लागली आहे. ती इतिहासाला धरून नाही. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वाढून पृथ्वीचे तापमान वाढत आहे, हे गाय कॅलेंडर या इंग्रज अभियंत्याने नेमके १९३८ मध्येच मांडले होते. पण त्याचा पडसाद मगनवाडीत उमटल्याचे दिसत नाही. कुमारप्पांचा आक्षेप इंधन संपण्यावर व त्यासाठी होणाऱ्या संघर्षांवर होता, इंधनाच्या धुराने ऋतू बदलण्यावर नव्हता. मगनवाडीच्या पत्रकारितेचे खरे देणे निराळे आहे. उपाय सांगताना त्याची कृती, त्याला लागणारा खर्च आणि त्याच्या मर्यादा एकत्र सांगण्याची शिस्त तिने घालून दिली.

स्वातंत्र्यानंतर ही शिस्त विरळ झाली. जिल्ह्याचा वाचकवर्ग प्रामुख्याने नागपूरच्या दैनिकांकडे वळला. ‘हितवाद’ १९११ पासून निघत होता, ‘तरुण भारत’ ग. त्र्यं. माडखोलकरांच्या संपादकत्वाखाली १९४४ पासून दैनिक झाला, तर ‘लोकमत’ची नागपूर आवृत्ती १९७१ मध्ये सुरू झाली. या पत्रांनी गावोगावचे वार्ताहर नेमले व जिल्ह्याची बातमी प्रथमच रोजच्या रोज छापून येऊ लागली, हे त्यांचे मोठे कार्य होय. परंतु पावसाच्या बातमीची एक ठरीव भाषाही याच काळात घडली. वरुणराजा रुसला, निसर्ग कोपला, अवकाळीने झोडपले, बळीराजा हवालदिल झाला, ही वाक्ये वर्षानुवर्षे तशीच छापली गेली. या भाषेत वाचकाला सहानुभूती वाटते, पण कारणाची चौकशी संपते. कारण लहरी देवतेला कोणी प्रश्न विचारीत नाही.

जागतिक पातळीवर १९८८ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली व आंतरशासकीय हवामानबदल मंडळाची स्थापना झाली. अमेरिकी वृत्तपत्रांत पुढे एक विचित्र अडचण निर्माण झाली. दोन्ही बाजू सारख्या मापाने देण्याच्या व्यावसायिक नियमामुळे शास्त्रज्ञांचा बहुमान्य निष्कर्ष आणि मूठभरांची शंका यांना तेथे समान जागा मिळत गेली. मॅक्सवेल व जूल्स बॉयकॉफ यांनी १९८८ ते २००२ या काळातील प्रमुख अमेरिकी दैनिके तपासून हा दोष २००४ मध्ये दाखवून दिला. भारतात असा संशयवाद फारसा नव्हता. अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये उत्सर्जनाच्या जबाबदारीचा प्रश्न विषमतेशी जोडला आणि ‘डाउन टू अर्थ’ हे नियतकालिक १९९२ मध्ये सुरू झाले. सायमन बिलेट यांनी भारतातील इंग्रजी राष्ट्रीय दैनिकांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. या दैनिकांना हवामानबदल मानवनिर्मित असल्याचे मान्य होते, मात्र त्यांचे बहुतेक विवेचन श्रीमंत व गरीब राष्ट्रांतील वादाच्या चौकटीत होते, असे त्यात आढळले.

वर्ध्याच्या वाचकापर्यंत हा विषय पोचला तोही याच चौकटीतून. रिओ, क्योटो, कोपनहेगन येथील परिषदांची वृत्ते वृत्तसंस्थांकडून येत व आतल्या पानावर लागत. समुद्रपूर किंवा कारंजा तालुक्यातील दुबार पेरणीचे वृत्त स्थानिक वार्ताहराकडून येई व जिल्ह्याच्या पानावर लागे. दोन्ही पाने एकाच अंकात असत, परंतु त्यांचा एकमेकांशी संबंध नसे. तालुक्याचा वार्ताहर बहुधा अंशकालिक. जाहिराती व वर्गणी मिळवून देण्याचे कामही त्याच्याकडेच असे. त्याने तीस वर्षांचे पर्जन्यमान पडताळून पाहावे ही अपेक्षा करणेच गैर होते. दोष रचनेचा होता.

कृषिसंकटाने ही स्थिती काही अंशी पालटली. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाल्यानंतरच्या काळात विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांकडे देशाचे लक्ष वेधले गेले. ‘द हिंदू’चे ग्रामीण विभागाचे तत्कालीन संपादक पी. साईनाथ (मॅगसायसाय पुरस्कार, २००७) व नागपूरचे पत्रकार जयदीप हर्डीकर यांनी दीर्घकाळ केलेल्या वार्तांकनाचा यात मोठा वाटा आहे. वर्धा जिल्ह्यातील डोरली गावाने २००५–०६ मध्ये ‘गाव विकणे आहे’ असे जाहीर केले, तेव्हा ती बातमी देशभर गेली. पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या विदर्भ दौऱ्यात जिल्ह्यातील वायफड या गावाचा समावेश होता. १ जुलै २००६ रोजी त्यांनी वर्ध्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिच्यातील निम्म्याहून अधिक रक्कम सिंचनासाठी होती.

या वार्तांकनाने भाव, कर्ज, बियाणे व आयातधोरण यांवर बोट ठेवले आणि ‘निसर्गाचा कोप’ ही सबब मोडून काढली. ते आवश्यकच होते. मात्र पुढे हवामानबदल हा शब्द रुळला, तसा एक नवा धोका उत्पन्न झाला. पूर्वी जे देवावर ढकलले जाई, ते आता हवामानबदलावर ढकलता येऊ लागले. पावसात बावीस दिवसांचा खंड पडला आणि पीक वाळले, तर खंडाचे कारण वातावरणात असू शकते; परंतु त्या शेतात विहीर का नव्हती, असल्यास पंपाला वीज का मिळाली नाही आणि मागील हंगामाचे कर्ज कोणत्या दराचे होते, याची कारणे वातावरणात सापडत नाहीत. चांगल्या वार्ताहराला हे दोन्ही धागे एकाच वेळी हाती धरावे लागतात, आणि सहाशे शब्दांच्या बातमीत ते सोपे नाही.

येथे शब्दांना पैशाचे मोल आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी.हून अधिक पाऊस झाला तर ‘अतिवृष्टी’ मानतात व नुकसानीचे पंचनामे होतात. पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांपेक्षा अधिक असेल तर मदत मिळते; २०१५ पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. परंतु पंधरा दिवस रोज २०–३० मिमी. पाऊस पडून कापसाची मुळे कुजली, तर ती अतिवृष्टी ठरत नसे. विदर्भ–मराठवाड्यातील वार्ताहर अशा पावसाला अनेक वर्षे नुसते ‘संततधार’ म्हणत आणि संततधार हा शासकीय नियमांतील शब्द नव्हता. महाराष्ट्र शासनाने ‘सततचा पाऊस’ ही नैसर्गिक आपत्ती म्हणून २०२३ मध्ये मान्य केली. फेब्रुवारी–मार्च २०१४ ची गारपीट किंवा जुलै २०२२ मध्ये हिंगणघाट–समुद्रपूर भागात आलेला पूर यांची छायाचित्रे निघतात व मदतीची मागणी तत्काळ होते. पावसाच्या खंडाचे छायाचित्र निघत नाही. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, पण जिल्ह्याच्या पानावर तो महिना एकंदरीत शांततेतच गेला.

परिभाषेचा गोंधळही कमी नाही. मराठीत ‘हवामान’ हा शब्द आजच्या ढगाळपणालाही लावतात आणि शतकाच्या सरासरीलाही. ‘वातावरणात बदल झाल्याने सर्दी-खोकला वाढला’ अशी बातमी आणि ‘वातावरणीय बदल’ हे शासकीय विभागाचे नाव, दोन्ही एकाच पानावर येऊ शकतात. वर्ध्यात हिंदी वृत्तपत्रेही वाचली जात असल्याने ‘जलवायू परिवर्तन’ हा तिसरा शब्द त्यांत मिसळतो. ॲग्रोवन (२००५) या कृषिदैनिकाने आणि अतुल देऊळगावकर यांच्या ‘विश्वाचे आर्त’सारख्या लेखनाने मराठी वाचकाला या विषयाची सवय लावली, तरीही तारतम्य अद्याप पुरते आलेले नाही.

उन्हाळ्याच्या बातम्यांत हे विशेष जाणवते. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरी व वर्धा यांत आज कोण अधिक तापले याचा तक्ता विदर्भातील दैनिके शर्यतीच्या निकालासारखा छापतात. मात्र वाढत्या रात्रीच्या तापमानाची, उन्हात रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या मजुराची नोंद तक्त्यात नसते. एखाद्या घटनेत हवामानबदलाचा वाटा किती, हे मोजण्याचे शास्त्र आता उपलब्ध आहे. मार्च–एप्रिल २०२२ मधील भारत–पाकिस्तानातील उष्णतेची लाट मानवनिर्मित तापमानवाढीमुळे सु. ३० पटींनी अधिक संभाव्य झाली, असा अंदाज ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन’ या शास्त्रज्ञगटाने काही आठवड्यांतच दिला होता.

उपायांच्या वार्तांकनात जुनी उणीव अधिक ठळक दिसते. आर्वी तालुक्यातील काकडदरा या गावाने २०१७ मध्ये पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळविला. श्रमदानाची, बक्षिसाची व समारंभाची वृत्ते सर्वत्र आली. ही स्पर्धा उन्हाळ्यातील सु. दीड महिन्याची असे. चरांत साचलेले पाणी किती मुरले, दोन पावसाळ्यांनंतर बांध टिकले का आणि वाढलेले पाणी कोणाच्या विहिरीत गेले, हे प्रश्न समारंभानंतरचे असल्याने क्वचितच विचारले गेले. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचा उद्देशच हवामानबदलाला तोंड देणारी शेती असा होता व वर्धा जिल्हा त्यात होता. तरी त्याच्या बातम्या प्रामुख्याने ठिबक संच व शेततळी यांच्या अनुदानाच्या राहिल्या. याउलट १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी वर्धा येथे स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राचे, माती-बांबूची घरे, बायोगॅस, स्वच्छतागृहे अशा विषयांवरील दीर्घ काम बक्षिसाविना चालल्याने वृत्तपत्रांच्या नजरेत कमी आले.

डिसेंबर २०१४ मध्ये साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ने २०१९ पासून हवामानबदलावर देशभर वृत्तमालिका चालविली. शेतकरी, मेंढपाळ, मच्छीमार यांच्या आठवणींतून बदल टिपावयाचा, अशी तिची पद्धत होती व तिचे लेखन मराठीतही उपलब्ध आहे. या पद्धतीत आठवण व नोंद यांचा मेळ घालण्याची अडचण असते. मृगाचा पाऊस पूर्वी वेळेवर येई, असे वृद्ध शेतकरी सांगतात. ते पडताळण्यासाठी त्याच परिसरातील जुनी नोंद हवी. मंडळ पातळीवर हवामानाची स्वयंचलित नोंद करणाऱ्या ‘महावेध’ प्रकल्पाचे पहिले केंद्र नागपूरजवळ डोंगरगाव येथे एप्रिल २०१७ मध्ये सुरू झाले. त्याआधीची स्थानिक तुलना तालुक्याच्या पर्जन्यमापकावर व कोतवालाच्या वहीवरच करावी लागते.