ब्रेथ काउंटर (गडचिरोली)

ब्रेथ काउंटर : लहान मुलांतील न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वासांची गती मोजणारे साधे मणीयुक्त उपकरण. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत सुरू केलेल्या कामातून (पाहा : सर्च) ते विकसित झाले.

न्यूमोनियात श्वास जलद होतो; दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा अधिक श्वास धोक्याचे मानतात. जंगलातील गावांत बाळाजवळ असणाऱ्या बहुतेक सुइणी निरक्षर होत्या व त्यांना मोठे आकडे मोजता येत नसत. घड्याळ शिकवण्याऐवजी मोजणीच मण्यांवर सोपवली गेली, ही या उपकरणामागील मूळ कल्पना. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ उलटे करायचे आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी धोक्याची मर्यादा दाखवणारा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून प्रतिजैविक सुरू करायचे. दोन वयोगटांसाठी मण्यांच्या दोन ओळी असतात.

न्यूमोनियावरील क्षेत्रीय प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, गावपातळीवरील उपचारांनी बालमृत्यू घटल्याचे त्यांत दिसले. पुढे ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला व तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला (‘द लॅन्सेट’, १९९९). भारत सरकारने २०११ मध्ये ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली (पाहा : आशा, गृह-आधारित नवजात बालसेवा).