तराईतील विद्यापीठ

कुमाऊंचे डोंगर संपतात आणि गंगेचे मैदान सुरू होते, त्या सांध्यावर जमिनीचे दोन पट्टे एकाला एक लागून पसरले आहेत. वरचा पट्टा भाबराचा. तो दगडगोट्यांचा आणि रेतीचा. हिमालयातून धावत आलेले ओढे येथे पाहता पाहता भूमीत गडप होतात. खालचा पट्टा तराईचा. भाबराने गिळलेले पाणी येथे झऱ्यांच्या रूपाने पुन्हा वर येते. जमीन काळसर आणि सकस, पण सदैव ओली. माणूस बुडून जाईल एवढे उंच गवत, दलदल, वाघ आणि हत्ती, आणि या सर्वांहून भयंकर असा हिवताप. थारू आणि बुक्सा या जमाती पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदत आल्या. इतरांना मात्र येथे पावसाळा काढण्याचे धाडस होत नसे. हिंदुस्थानातील पहिले कृषिविद्यापीठ याच भूमीत उभे राहिले.

त्या स्थानाचे नाव पंतनगर. हे नाव कानी पडताच मराठी माणसाला पेशवाईतील एखाद्या पंतांची आठवण व्हावी, आणि ती अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही. उत्तर प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री पंडित गोविंद वल्लभ पंत हे अल्मोड्याकडचे. परंतु आपला मूळ पुरुष कित्येक शतकांपूर्वी महाराष्ट्रातून कुमाऊंत आला, अशी परंपरा त्यांच्या घराण्यात सांगत असत. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून निर्वासितांचे लोंढे आले, महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांचे पुनर्वसन करावयाचे होते, आणि देशात धान्याचा तुटवडा होता. या तिन्ही गरजांना पंतांच्या सरकारने एकच उत्तर शोधले : तराई लागवडीखाली आणणे. ट्रॅक्टरांनी गवत आणि जंगल उपटले, डी. डी. टी.च्या फवाऱ्यांनी हिवताप हटविला, आणि नव्या वसाहतींबरोबरच सरकारने स्वतःचेही एक अवाढव्य शेत तेथे उभारले. थारू आणि बुक्सा यांचे या उलथापालथीत काय झाले, हे त्या काळाच्या गौरवपर वर्णनांत सहसा आढळत नाही. त्यांच्या जमिनी पुढे मोठ्या प्रमाणावर नवागतांच्या हाती गेल्या. अनुसूचित जमाती म्हणून त्यांची गणना झाली ती १९६७ साली, म्हणजे बरेच काही होऊन गेल्यानंतर.

शेतीचे शिक्षण आपल्या देशात त्यापूर्वीही होते. पुणे, नागपूर, कानपूर येथील कृषिमहाविद्यालयांची ख्याती होती. परंतु तेथील व्यवस्था तुटक होती. महाविद्यालय शिकवी आणि परीक्षा विद्यापीठ घेई. संशोधन दुसऱ्याच केंद्रात चाले. आणि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जायचे काम कृषिखात्याच्या कर्मचाऱ्याकडे असे. पदवीधर बाहेर पडला की त्याची दृष्टी शेताकडे कमी आणि सरकारी नोकरीकडे अधिक, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येई. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ साली ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली, तिच्यामागे ही खंत होती.

शिफारशीला आकार मिळाला तो अमेरिकेतील एका जुन्या कायद्याच्या आधाराने. १८६२ साली, यादवी युद्धाच्या धामधुमीत, अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर स्वाक्षरी केली. काँग्रेसमधील प्रत्येक प्रतिनिधीमागे ३०,००० एकर या हिशेबाने त्या त्या राज्याला सरकारी जमीन मिळाली. ती विकून येणाऱ्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये काढावयाची होती. इलिनॉय विद्यापीठ हे त्यांपैकीच एक. तेथील प्राध्यापक एच. डब्ल्यू. हॅना यांनी १९५६ साली तराईतील नियोजित विद्यापीठाचा आराखडा तयार केला. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच छत्राखाली असावीत, हे त्याचे मुख्य सूत्र. शेतकऱ्याने प्रश्न विचारावा, प्रयोगशाळेने तो घ्यावा, उत्तर वर्गातही जावे आणि शेतातही जावे.

तथापि अमेरिकेची प्रत येथे हुबेहूब उतरली नाही, आणि तो फरक फार महत्त्वाचा आहे. तेथे जमीन विकून विद्यापीठे उभी राहिली. येथे विद्यापीठाने जमीन राखली आणि कसली. १९५८ साली उत्तर प्रदेश विधिमंडळाने कायदा संमत केला आणि तराईतील सरकारी शेताची सुमारे १६,००० एकर जमीन विद्यापीठाच्या वाट्याला आली. १७ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. पहिले कुलगुरू के. ए. पी. स्टीव्हन्सन. विद्यार्थ्यांनी स्वतः मातीत हात घालून पीक काढावे, हा शिक्षणाचाच भाग ठरला. शेतीबरोबर पशुवैद्यक आले आणि तंत्रविद्या आली; १९७२ साली विद्यापीठाला पंतांचे नाव देण्यात आले तेव्हा त्यात ‘कृषी’ आणि ‘प्रौद्योगिक’ हे दोन्ही शब्द होते.

एवढी जमीन हाताशी असल्याचा लाभ लवकरच दिसून आला. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून गव्हाचे १८,००० टन बियाणे आणले. परंतु परदेशातून एकदा आणलेले बी देशभर पुरत नाही. ते पेरून, निवडून, शुद्ध राखून वाढवावे लागते. संशोधनकेंद्राच्या चार वाफ्यांत हे काम व्हावयाचे नाही आणि सामान्य शेतकऱ्याच्या पाच एकरांत शुद्धतेची हमी देता यावयाची नाही. पंतनगराकडे हजारो एकर सलग जमीन होती, पाणी होते आणि तपासणारे शास्त्रज्ञही होते. १९६९ साली जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्याने तराई विकास निगम स्थापन झाला, त्यात विद्यापीठाबरोबर बीजोत्पादक शेतकरीही भागधारक होते. ‘पंतनगर’ हा शिक्का असलेली बियाण्याची पोती दूरदूरच्या प्रांतांत जाऊ लागली. ज्या शेतकऱ्याने विद्यापीठ कधी पाहिले नाही, त्याच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे ते पोते.

या नव्या भूमीने नवी कोडीही घातली. तराईत भाताची रोपे लावल्यावर काही आठवड्यांतच पानांवर तांबूस तपकिरी ठिपके उमटत, ते पसरत आणि खाचरच्या खाचर काताच्या रंगाचे दिसू लागे. काताचा वृक्ष तो खैर, म्हणून शेतकऱ्यांनी रोगाला नाव दिले ‘खैरा’. बुरशी असावी, जंतू असावेत, असे कोणालाही प्रथम वाटावे. विद्यापीठातील वनस्पतिरोगशास्त्रज्ञ डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ साली दाखवून दिले की येथे बुरशीही नाही आणि जंतूही नाहीत. रोपाला जस्त मिळत नाही, एवढेच. चुनखडीयुक्त जमिनीत पाणी साठून राहिले की मातीतील जस्त मुळांना उचलता येत नाही. उपाय तर इतका साधा की शास्त्रज्ञालाही संकोच वाटावा : हेक्टरी ५ किलो झिंक सल्फेट आणि २.५ किलो विरलेला चुना पाण्यात मिसळून फवारणे. पिवळी पडलेली शेते पुन्हा हिरवी झाली. भातातील जस्ताची उणीव प्रत्यक्ष शेतात ओळखली जाण्याचे श्रेय जगभर या कामाला देण्यात येते. पुढे नेने हैदराबादेजवळच्या आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्थेत गेले आणि उत्तर आयुष्यात त्यांनी प्राचीन कृषिग्रंथांच्या अभ्यासासाठी १९९४ साली स्वतंत्र संस्था काढली. आराखड्यात जे सूत्र लिहिले होते, त्याचे खैऱ्याइतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

पंतनगरापाठोपाठ १९६२ साली लुधियाना आणि भुवनेश्वर येथे अशीच विद्यापीठे निघाली. महाराष्ट्रात १९६८ साली राहुरी, १९६९ साली अकोला आणि १९७२ साली परभणी व दापोली, असा क्रम लागला. महाराष्ट्रातील वाद विद्यापीठ कोणत्या विभागात असावे याचा होता. एवढी अफाट जमीन मात्र येथे कोणाच्याच हाती नव्हती.

या अफाट जमिनीची दुसरी बाजूही होती. हजारो एकर शेती प्राध्यापक आणि विद्यार्थी कसू शकत नाहीत. तिला मजूर लागतात, आणि ते आले पूर्व उत्तर प्रदेशातील दरिद्री जिल्ह्यांतून. विद्यापीठ अशा रीतीने त्या परिसरातील एक मोठे मालक झाले. शेतकऱ्याचे उत्पन्न कसे वाढावे हे शिकविणाऱ्या संस्थेच्या शेतावर राबणारा माणूस मात्र कित्येक वर्षे हंगामी आणि बेभरवशाच्या नोकरीत राहिला. आराखड्यात शेतकरी होता, विद्यार्थी होता, शास्त्रज्ञ होता. मजुराचा विचार ठळकपणे कोठे दिसत नाही. वेतन आणि नोकरीची शाश्वती यांसाठी कामगारांनी चळवळ उभारली. १३ एप्रिल १९७८ रोजी, बैसाखीच्या दिवशी, विद्यापीठाच्या आवारात जमलेल्या कामगारांवर पी. ए. सी. या सशस्त्र पोलीसदलाने गोळीबार केला आणि त्यात अनेक जण मृत्युमुखी पडले. जालियनवाला बागेतील हत्याकांडही त्याच तारखेचे. ती आठवण त्या वेळी अनेकांनी काढली. पंतनगराचा इतिहास हरितक्रांतीच्या प्रकरणात लिहिला जातो, आणि ही घटना बहुधा कामगार चळवळीच्या इतिहासात. वस्तुतः दोन्हींचे मूळ त्याच सोळा हजार एकरांत आहे.

२००० साली नवे राज्य झाले आणि पंतनगर आज उत्तराखंडात, ऊधमसिंहनगर जिल्ह्यात मोडते. त्यानंतर विद्यापीठाच्या जमिनीचा मोठा भाग औद्योगिक वसाहतीसाठी देण्यात आला. जेथे गहू आणि भात पिकत, तेथे कारखान्यांच्या रांगा उभ्या आहेत आणि मालवाहू मोटारी तयार होतात. उरलेल्या शेतांवर बियाण्याचे काम चालू आहे. वर्षातून दोनदा, खरिपापूर्वी आणि रब्बीपूर्वी, विद्यापीठात किसान मेळा भरतो. डोंगरातून आणि मैदानातून शेतकरी येतात, वाफ्यांतून हिंडून पिके पाहतात, शास्त्रज्ञांना अडचणी विचारतात, आणि परतताना पाठीवर पंतनगरचे बियाणे घेऊन जातात.